भोपाळची बाग आणि आमची फायल

गेल्या वर्षी आमच्या खात्यात एक फायल आली. विषय होता, 'सार्वजनिक वनस्पती उद्यानात शिक्षण केंद्र उभारण्याबाबत'. खात्याचं आणि बागेचं नाव सांगत नाही, नोकरीची बरीच वर्षं अजून शिल्लक आहेत! मी कारकून माणूस. फायल वाचायची, मागचे संदर्भ लावायचे, टिपण लिहायचं आणि वर पाठवायची, एवढंच माझं काम. या फायलीत नकाशा होता, एस्टिमेट होतं, पन्नास खुर्च्यांचं वातानुकूलित सभागृह होतं, प्रोजेक्टर होता, व्हिट्रिफाईड टायल्स होत्या आणि दारावर बसवायचं फायबरचं एक फुलपाखरूही होतं. झाडांचा उल्लेख एकदाच आला होता. बांधकामाच्या आड चार झाडं येतात, ती तोडायला परवानगी घ्यावी लागेल म्हणून.

या केंद्रात शिकवणार कोण, हे मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं.

फायल मिटली आणि मला भोपाळ आठवलं.

2019 च्या डिसेंबरात एलटीसी घेऊन आम्ही भोपाळला गेलो होतो. वास्कोहून गोवा एक्सप्रेसमधे बसलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळ उलटल्यावर थेट भोपाळ, वाटेत गाडी बदलायची कटकट नाही. सांची आणि भीमबेटका बघायचं हा मूळ बेत. (भीमबेटकाच्या चित्रगुहा 1957 साली जगासमोर आणल्या त्या डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांनी. आपलं माणूस, म्हणून तिथं उगाच छाती फुगते.) शहरासाठी दोनच दिवस ठेवले होते. ते कमी पडले.

भोपाळ हे तसं बागांचंच शहर. 1819 पासून 1926 पर्यंत, म्हणजे शंभराहून अधिक वर्षं, तिथं चार बेगमांनी एकीपाठोपाठ एक राज्य केलं. कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतान जहान. आज रिक्षावाल्याला पत्ता सांगताना त्या काळच्या बागा तोंडात येतात: ऐशबाग, बाग फरहत अफ्जा, बाग दिलकुशा, बाग उमराव दूल्हा. नावं बागांची, जागेवर आता घरं आणि दुकानं. शेवटच्या सुलतान जहान बेगमना शिक्षणाचं वेड होतं. मुलींच्या शाळा काढल्या, बायकांसाठी क्लब काढला, पुढं 1920 साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या त्या पहिल्या कुलपती झाल्या. पण बाग ती बाग आणि शाळा ती शाळा. दोन्ही एका कुंपणात आणायचं काम भोपाळनं पुष्कळ नंतर केलं, तेही वेगळ्याच नावाखाली.

मी म्हणतोय ते श्यामला टेकडीवरच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाबद्दल. ही संस्था 1977 साली दिल्लीत सुरू झाली आणि 1979 साली भोपाळला हलली. बड्या तलावाकाठी दोनशे एकरांची टेकडी मिळाली, त्या टेकडीतच आदिमानवानं रंगवलेले खडक निघाले. त्याच टेकडीच्या दुसऱ्या अंगाला भारत भवन आहे, 1982 सालचं. ते चार्ल्स कोरियांचं. आपली पणजीची कला अकादमी बांधणारे तेच. तिथल्या पायऱ्या उतरताना बायको म्हणाली, "अहो, हे कुठंतरी बघितल्यासारखं वाटतं." वाटणारच!

संग्रहालय म्हटल्यावर मी काचेची कपाटं धरून चाललो होतो. इथं तर डोंगरभर घरं. किनाऱ्यावरच्या लोकांची वेगळी, वाळवंटातल्यांची वेगळी, हिमालयातल्यांची वेगळी. आणि ही घरं कंत्राटदारानं नमुना बघून बांधलेली नाहीत. ज्या त्या समाजाची माणसं भोपाळला बोलावली आणि त्यांनी आपापल्या पद्धतीनं, आपल्या हातांनी ती उभी केली. म्हणजे आराखडा करणाऱ्यांनी आधी माणसं ठरवली, भिंती मागून आल्या. माझ्यासारख्या सरकारी माणसाला हा क्रम नवाच होता. आमच्याकडं आधी बांधकाम, मग उद्घाटन, आणि माणसांची भरती झाली तर झाली.

याच आवारात 'पुनीत वन' आहे. पुनीत वन म्हणजे आपल्या भाषेत देवराई. केरळातलं कावू, राजस्थानातलं ओरण, झारखंडातलं सरना, अशी देशभर वेगवेगळ्या नावांनी राखलेली देवाची रानं. त्यांचा परिचय करून देण्यासाठी ही झाडं लावली आहेत. 2001 साली या संग्रहालयानं आणि दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं मिळून देवरायांवर एक पुस्तकही काढलं. या विषयाच्या अभ्यासाचा पाया मात्र आपल्या सह्याद्रीत घातला गेला. पुण्याचे डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया पायी फिरून नोंदल्या. वर्तकांचं तर आपल्यावर आधीचंही ऋण आहे. मुक्तीनंतर पाचच वर्षांत, 1966 साली, गोमंतकातल्या वनस्पतींची यादी त्यांनी पुस्तकरूपानं प्रसिद्ध केली.

पुनीत वनाला कुणी बोटॅनिकल गार्डन म्हणत नाही. पण लागवड आहे, सांगणं आहे आणि लोक येतात, मग आणखी काय असावं लागतं? तिथं एका झाडाशी मी थांबलो. जोडीजोडीनं लोंबणाऱ्या लांब शेंगा. पाला गोळा करणारा एक म्हातारा माळी जवळ आला. म्हणाला, "इंद्रजौ है साहब. आपके यहाँ क्या कहते हैं?" मी म्हटलं, "कुडा. हमारे गाँव में कुडो." त्यानं 'कुडो, कुडो' असं दोनदा म्हणून बघितलं, हसला आणि पुढं गेला. शिक्षण केंद्राचं काम ते हेच, असं मला आज वाटतं. तेव्हा नुसती गंमत वाटली होती.

दुसऱ्या दिवशी अरेरा कॉलनीतल्या पर्यावरण परिसरात प्रादेशिक प्राकृतिक विज्ञान संग्रहालय बघितलं. दिल्लीचं मूळ संग्रहालय 1978 सालच्या 5 जूनला उघडलं होतं. ते 2016 च्या एप्रिलमधे आगीत जळून गेलं. भोपाळची शाखा 29 सप्टेंबर 1997 ची. तिथं मुलांसाठी हात लावून बघायची सोय आहे. मुलगा तिथून हलेना.

ही तारीख मला महत्त्वाची वाटते, कारण हे शहर भोपाळ आहे. 1984 च्या 2 आणि 3 डिसेंबरमधल्या रात्री युनियन कार्बाईडचा विषारी वायू शेजारच्या वस्त्यांत शिरला, तेव्हा कारखान्यात काय साठवलंय हे त्या वस्त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. तोंडावर ओलं फडकं धरावं एवढी साधी गोष्टही लोकांना माहीत नव्हती. अशा गावात तेरा वर्षांनी निसर्गाची ओळख करून देणारी जागा उघडते, तिथं 'शिक्षण' हा शब्द नुसता एस्टिमेटमधला राहत नाही.

आता माळ्याच्या त्या प्रश्नाकडं येतो. 'तुमच्याकडं याला काय म्हणतात?' हाच प्रश्न साडेचारशे वर्षांपूर्वी आपल्या गोव्यात एक माणूस विचारत फिरत होता. गार्सिया द ऑर्ता. 1534 साली आलेला पोर्तुगीज वैद्य. पणजीच्या म्युनिसिपल गार्डनला नाव आहे ते याचंच. त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. ग्रंथ संवादाच्या रूपात आहे. त्यात अंतोनिया नावाची एक मोलकरीण आहे, ती मागेल ते फळ, मागेल तो पाला आणून देते. मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही बोलून जातो. 'ब्रिंदोंइश' नावाचं आंबट फळ ग्रंथात येतं, ती आपली भिरंड. आणि अतिसारावर चालणारी 'हेर्वा मालाव्हार' म्हणजे हाच कुडा, असं जाणकार मानतात. ऑर्ताची स्वतःची बाग होती आणि मुंबईच्या बेटावर वर्षातून दोनदा फळणारा आंबाही होता. त्याच्या मरणानंतर, तो छुपा ज्यू होता म्हणून, इन्क्विझिशननं 1580 साली त्याची हाडं उकरून जाळली. ज्ञानाची किंमत, दुसरं काय!

ऑर्ता इथं होता त्याच सुमाराला, 1545 साली, इटलीत पाडुआच्या विद्यापीठाची वनस्पती बाग सुरू झाली. ती आजही त्याच जागी आहे. तिचा उद्देश वैद्यकीच्या पोरांनी खरी वनस्पती कोणती आणि नकली कोणती हे जिवंत झाडावर शिकावं, हा होता. म्हणजे वनस्पती बाग ही जात जन्मापासूनच शाळा आहे. शिक्षण केंद्र तिला बाहेरून चिकटवायची वस्तू नव्हे.

पुढं ही आठवण पुसट झाली. 1787 साली रॉबर्ट किडनं कलकत्त्याची बाग मांडली ती कंपनीच्या फायद्याच्या झाडांसाठी. आपल्या बाजूला, पुण्याजवळ दापोडीला 1828 साली मुंबई सरकारची बाग झाली. डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिचे अधीक्षक होते. 1847 ते 1850 च्या दरम्यान त्यांनी तिथल्या झाडांची दीडशेहून अधिक चित्रं काढवून घेतली. ती एडिंबरोला जपून ठेवलीत आणि फार देखणी आहेत. काढणारा चित्रकार इंडो-पोर्तुगीज होता, म्हणजे आपल्यातलाच असण्याचा संभव मोठा. गिब्सनचं नाव राहिलं. चित्रकाराचं कुणी लिहूनच ठेवलं नाही.

म्हणून मला कोचीच्या डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीडचं कौतुक वाटतं. त्याचा 'हॉर्टुस मलाबारिकुस' 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंडांत निघाला. त्यात झाडांची नावं नागरीतही आहेत. आणि पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन वैद्यांचं नागरी अक्षरातलं प्रमाणपत्र छापलंय, 1675 सालचं. गोव्यातून परागंदा झालेल्या आपल्याच कोंकणी ब्राह्मणांचे हे वंशज. मल्याळी वैद्य इट्टी अच्युदन याचं निवेदनही सोबत आहे. त्या तिघांच्या लेखाची भाषा कोंकणी. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे मान्य करायला काही जड जात नाही, त्यावरून वाद नको. मुद्दा एवढाच की माहिती दिली त्यांची नावं माहितीबरोबर छापली.

असो. फायलीकडं परत.

टिपण लिहिण्याआधी मी एका शनिवारी त्या बागेत गेलो. झाडांवर इंग्रजी पाट्या. एका पाटीवर 'गार्सिनिया इंडिका'. (हे नाव आपल्या गार्सियावरून आलेलं नाही बरं का, लोरां गार्सें नावाच्या दुसऱ्याच वनस्पतिज्ञावरून आलंय. मीसुद्धा कित्येक वर्षं चुकीचं सांगत होतो.) सहलीला आलेली पोरं पाटी वाचून पुढं सरकत होती. तिथला माळी रोजंदारीवरचा, साठीला टेकलेला, सत्तरीकडचा. त्यानं एका पोराला हाक मारली, "बाळा, घरा सोलां घालतात न्हय हुमणांत? तीं ह्या झाडाचीं. भिरंड ही." पोरगा झाडाकडं आ वासून बघतच राहिला. रोज ताटात येणारं सोल झाडाला लागतं हे त्याला ठाऊक नव्हतं!

मग मी माळ्याबरोबर दोन तास फिरलो. निरंकाराची राय त्याच्या तोंडून ऐकली, तिथली रानजायफळाची झाडं, चिखलातून वर आलेली त्यांची मुळं. कुठलं झाड कशाला, कुठल्या महिन्यात, कुणी तोडायचं आणि कुणी नाही. बागेत कामाला लागून त्याला तीस वर्षं झाली. पुढच्या मार्चला त्याला थांबवणार आहेत. पेन्शन नाही.

टिपणात मी तीन गोष्टी सुचवल्या. एक, सभागृह पन्नासाऐवजी तीस खुर्च्यांचं करावं, म्हणजे चारही झाडं वाचतात (नकाशावर पट्टी ठेवून मी मोजलं होतं). दोन, पाट्यांवर शास्त्रीय नावाखाली कोंकणी आणि मराठी नाव नागरीत लिहावं आणि ते कुणी सांगितलं तेही लिहावं. तीन, सदर माळ्यास मानधनावर मार्गदर्शक म्हणून ठेवावं. पहिल्या दोन मुद्द्यांना भोपाळचा आणि कोचीचा हवाला दिला. तिसऱ्याला दिला नाही, कारण तिथं हवाल्यापेक्षा नियम लागतो आणि तो मला सापडला नाही.

फायल तीन आठवड्यांनी परत आली. पहिल्या मुद्द्यावर बरोबरची खूण, दुसऱ्यापुढं 'तपासावे', तिसऱ्यापुढं 'चर्चा करावी'. आमच्या भाषेत 'चर्चा करावी' म्हणजे काय, हे सरकारी नोकरीतल्या वाचकांना सांगायला नको. तरी मी दोनदा आत जाऊन आलोय, परत जाईन.

मार्च काही थांबणार नाही. म्हणून सध्या शनिवारी सकाळी मी शंभर पानी वही घेऊन बागेत जातो. माळी सांगतो, मी लिहितो. शेजारी मुलगा असतो, तो पानं वहीत दाबतो. आजवर एकसष्ट झाडं झाली. परवा कुड्याशी आलो तेव्हा मी त्याला म्हटलं, "भोपाळाक हाका इंद्रजौ म्हणटात." त्यानं शेंग हातात घेतली, म्हणाला, "इंद्रजौ... बरें नांव. तेंय बरय."

लिहिलं.