मोती आणि मुंबईची वेस

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या इमारतीत पहिला फटाका वाजला की चिंगी जी पलंगाखाली शिरते ती दुपारी बारापर्यंत बाहेर येत नाही. घरात उटण्याचा वास दरवळत असतो, सूनबाई चकल्यांचा डबा उघडत असते, शेजारची मुले ओरडत असतात. आणि ही सात वर्षांची, एरवी टपालवाल्याच्या अंगावर धावून जाणारी कुत्री, पलंगाखालच्या ट्रंकेला पाठ लावून थरथरत असते. आम्ही खिडक्या लावतो, पंखा मोठा करतो, रेडिओ लावतो आणि तिला तिच्या भीतीसह एकटी सोडतो. ओढून बाहेर काढू नये, हे आम्ही पहिल्या वर्षी तिचे दात पाहून शिकलो. नेपाळात याच सुमारास, तिथल्या तिहार सणात, कुत्र्याच्या कपाळाला टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि त्याला गोडधोड खाऊ घालतात. आमच्या चिंगीचा जन्म चुकीच्या देशात झाला म्हणायचा!

चिंगीला घरी आणले ते २०१९ च्या पावसाळ्यात. बोरिवली स्टेशनाच्या पूर्वेला एका केळीवालीच्या रिकाम्या पाटीत ती भिजून पडली होती. माझा मुलगा तिला रुमालात गुंडाळून घेऊन आला तेव्हा सौभाग्यवतींनी "एक रात्र फक्त" असे बजावले होते. ती रात्र अजून संपलेली नाही. तिला शिकविण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी निवृत्त शिक्षक. तीस वर्षे पोरांना इतिहास शिकविला; पण एका पिलाला वर्तमानपत्राच्या कागदावरच शू करायला शिकविताना जी चिकाटी लागली ती नववीच्या वर्गातही लागली नव्हती. मारून काही होत नाही. जेवण झाल्यावर आणि झोपेतून उठल्यावर लगेच कागदावर नेऊन उभे करायचे, काम झाले की तोंडभर कौतुक करायचे आणि चुकले तर निमूटपणे पुसून काढायचे. तीन आठवड्यांत जमले. 'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच' असे म्हणणाऱ्याने कुत्रा पाळला नसावा.

खाण्याचेही तसेच. आमच्या लहानपणी कुत्र्याला शिळी भाकरी आणि दुधाचे भांडे विसळलेले पाणी मिळे. आता चिंगीला भात, उकडलेली बिनहाडाची कोंबडी आणि थोडा भोपळा मिळतो. शिजवलेले हाड देत नाही, त्याचे कपचे घशात रुततात. कांदा, चॉकलेट आणि द्राक्षे तिला विषासारखी आहेत. म्हणून फराळाच्या ताटातल्या बेसनाच्या लाडवावर आमचा पहारा असतो, कारण त्यात बेदाणा असतो. हे मुद्दाम लिहिले, कारण दिवाळीत मुले प्रेमाने कुत्र्यापुढे काय ठेवतील याचा नेम नसतो.

पण मला आज सांगायचे आहे ते चिंगीविषयी नव्हे. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या सभेत एक विषय निघाला. फाटकाशी चार कुत्री बसतात. त्यांतले एक संध्याकाळी एका गृहस्थांच्या नातीच्या मागे लागले आणि ती पडून तिचे ढोपर फुटले. गृहस्थ भला माणूस. तो म्हणाला, "मारा असे मी म्हणत नाही. गाडीत घालून बाहेर कुठेतरी सोडून या." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र त्या 'बाहेर' या शब्दाशी अडलो. मुंबईच्या इतिहासात हा शब्द मी पूर्वी वाचला होता, आणि माझ्या स्वतःच्या घरातही ऐकला होता.

वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, पण इंग्रजी अमदानीतल्या मुंबईतला एक मोठा दंगा कुत्र्यांवरून झाला. साल १८३२. शहरातली मोकाट कुत्री ठरावीक हंगामात मारण्याचा सरकारी नियम त्याआधी काही वर्षांपासून होताच. त्या वर्षी हंगामाची मुदत वाढविली गेली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. आठ आणे म्हणजे त्या काळी गरिबाला मोठी कमाई! मग मोकाट कोणते आणि पाळीव कोणते, हा विचार कोण करतो? लोकांच्या ओट्यावरून, आवारातून कुत्री ओढून नेऊ लागले. पारशी समाजाला हे सहन होणे शक्य नव्हते. त्यांच्या धर्मात कुत्रा पवित्र. माणूस गेला की अंत्यविधीत कुत्र्याला आणून प्रेताचे दर्शन घडवितात, त्याला सगदीद म्हणतात. दोन्ही डोळ्यांवर एकेक ठिपका असलेला, 'चार डोळ्यांचा' कुत्रा त्यासाठी उत्तम. आपल्या ऋग्वेदातही यमाचे दोन कुत्रे चार डोळ्यांचेच आहेत, हे इथे आठवते. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आणि खंडोबाच्या घोड्याबरोबर एक, अशी पाच आपण देवघरात ठेवतो आणि दारातल्याला हाड हाड करतो. असो.

६ जूनला कोटात पारशांच्या जमावाने कुत्री धरणाऱ्या शिपायांना चोपले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारशांबरोबर हिंदू, जैन व्यापारीही उतरले. कुलाब्याच्या पलटणीला जाणारी रसद अडविली, म्हणजे गोऱ्या शिपायांचा पाव बंद झाला. अखेर लष्कर बोलावून जमाव पांगविला आणि पुढाऱ्यांना पकडले. पुढे समाजातल्या वजनदार मंडळींनी सरकारकडे अर्ज केला. त्यात मागणी अशी की कुत्र्यांना ठार मारू नये, ती धरून शहराबाहेर न्यावीत. या सगळ्यात मध्यस्थी करणाऱ्यांत जमशेटजी जीजीभाई प्रमुख होते, आणि शिक्षा झालेल्यांना माफी मिळावी म्हणून त्यांनी खटपट केली.

इथवर गोष्ट पुस्तकात मिळते. पण १८३२ साली 'शहराबाहेर' म्हणजे कुठे? मुंबई बेट संपत होते माहीमला. पलीकडे खाडी आणि खाडीपलीकडे साष्टी: वांद्रे, अंधेरी, मालाड, बोरिवली, तिकडे घाटकोपर, मुलुंड. भातशेती, ताडी, मिठागरे आणि मधोमध जंगल. शहरवाल्यांच्या लेखी ते 'बाहेर'. माहीमच्या खाडीवर पक्का रस्ता झाला तो १८४५ साली, आणि गंमत अशी की त्याचा सुमारे १,५७,००० रुपयांचा खर्च ज्या बाईने दिला ती त्याच जमशेटजींची पत्नी, अवाबाई. नवऱ्याने कुत्र्यांसाठी रदबदली केली, बायकोने 'बाहेर'चा रस्ता बांधला!

जमशेटजी नुसती रदबदली करून थांबले नाहीत, ही गोष्ट मला दंग्यापेक्षा मोठी वाटते. १८३४ साली त्यांनी आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरजवळ पांजरपोळ काढली. आज पांजरपोळ म्हटले की आपल्याला गाई आठवतात. लोक तिथे जाऊन गवताची पेंडी खाऊ घालतात. पण ती मुळात निघाली ती सरकारी बंदुकीपासून वाचविलेल्या कुत्र्यांसाठी आणि डुकरांसाठी. गाई मागून आल्या, आणि त्याही या आश्रितांना दूध मिळावे म्हणून, असे सांगतात. म्हणजे 'मारू नका' म्हणणाऱ्यांनी 'मग ठेवू कुठे' याचेही उत्तर स्वतःच्या खिशातून दिले, आणि तेही शहराच्या आत. १८७४ साली प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था मुंबईत निघाली. पुढच्या दशकात दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि त्याच आवारात १८८६ पासून पशुवैद्यकाचे कॉलेज. उपनगरातले पुष्कळ लोक आजही दुखणाईत कुत्रा घेऊन परळ गाठतात.

आता घरातला 'बाहेर' सांगतो.

माझा जन्म १९५७ चा. म्हणजे ज्या वर्षी मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली त्या वर्षीचा. आम्ही अंधेरीला एका चाळीत राहत असू. चाळीचा एक कुत्रा होता, पिवळसर रंगाचा, पुढचे पाय पांढरे. नाव अर्थातच मोती. तो कोणाचा, असे विचारले तर कोणाचाच नाही. पण रात्री तो आमच्या जिन्याखाली निजे, म्हणून थोडा आमचा. १९६६ साली, मी नऊ वर्षांचा असताना, त्याच्या तोंडातले हाड मी गमतीने ओढले आणि तो मला पोटरीला चावला. चूक माझी होती, हे मी तेव्हा कोणाला सांगितले नाही.

त्या काळी कुत्रा चावला म्हणजे पोटात चौदा इंजेक्शने. १९११ साली कसौलीला सेंपल नावाच्या डॉक्टराने मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली होती, तीच २००४ च्या सुमारापर्यंत आपल्याकडे चालू होती. अण्णा मला रोज सकाळी हाताला धरून नेत. लांब सुई, बेंबीभोवती सूज, आणि परतताना एक लिमलेटची गोळी. हल्लीच्या मुलांना चार-पाच सुया, आणि त्याही दंडात. जखम साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि लगेच डॉक्टरकडे जायचे, हे मात्र तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नव्हते. जखमेवर हळद आणि चुना भरला होता.

मोतीला दहा दिवस जिन्याखाली बांधून ठेवले. कुत्रा पिसाळलेला असला तर दहा दिवसांत मरतो. मोती मेला नाही; त्यामुळे डॉक्टरांनी माझी उरलेली चार इंजेक्शने माफ केली. इतके माझ्यावर उपकार करूनही चाळीच्या मंडळींनी निर्णय घेतला: मारू नका, बाहेर सोडा. जोगेश्वरी-अंधेरीच्या तबेल्यांना तेव्हा बोरिवली-दहिसरकडून गवताच्या लॉऱ्या येत. परत जाणाऱ्या एका रिकाम्या लॉरीत अण्णांनी मोतीला चढविले आणि स्वतःही बसले. संध्याकाळी ते एकटे परतले. "बोरिवलीला सोडला, जंगलाच्या कडेला. मोकळी जागा आहे," एवढेच म्हणाले. कागदोपत्री बोरिवली मुंबईत येऊन नऊ वर्षे झाली होती. अंधेरीकरांच्या लेखी ते 'बाहेर'च होते.

मोकळ्या जागेत काय होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या त्या जंगलात, बिबटे आहेत आणि त्यांच्या आहारात कुत्र्याचा वाटा फार मोठा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज आहे की इथले बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री खातात. त्यामुळे माणसांना होणारे कित्येक चावे टळतात, असाही हिशेब त्यात मांडला आहे. हिशेब बरोबरच असेल. परंतु रात्री जंगलाच्या बाजूने एकाएकी भुंकणे सुरू होते आणि मग एकाएकी थांबते, तेव्हा मला तो हिशेब आठवत नाही.

मुंबईत कुत्री मारण्याची पद्धत थांबली ती १९९४ साली, दंग्यानंतर एकशे बासष्ट वर्षांनी. त्यानंतर नसबंदी करून, रेबीजची लस टोचून, कानाला त्रिकोणी खाच पाडून कुत्रा उचलला त्याच जागी परत सोडायचा, असा शिरस्ता पडला. २००१ साली देशभर तसे नियमही झाले. त्यामागचे कारण सोपे आहे. उकिरडा जागच्या जागी ठेवून कुत्रे हलविले तर रिकाम्या जागेत दुसरे येते, आणि ते ना टोचलेले ना ओळखीचे. २०१४ च्या गणतीत मुंबईत सुमारे ९५ हजार मोकाट कुत्री निघाली. दहा वर्षांनी नव्वद हजारांच्या आसपास. म्हणजे उतार आहे, पण आमच्या घराजवळच्या टेकडीसारखा सावकाश. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी कुत्री निवाऱ्यात नेण्याचा हुकूम दिला, अकरा दिवसांनी तो बदलून टोचून परत सोडण्यास सांगितले, आणि नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, स्टेशने यांच्या आवारातली कुत्री हलवून तिथे परत सोडू नका, असे म्हटले. ज्याच्या मुलाला कुत्रे चावले आहे त्याला यातले कुठलेच कलम पुरेसे वाटत नाही, आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. माझ्याही पोटरीवर खूण आहे.

सभेत मी एवढेच म्हणालो, की बोरिवलीतून 'बाहेर' म्हणजे विरार, आणि विरारचे लोकही सभा घेत असतील. मंडळी हसली. चारांपैकी एकाच्या कानाला खाच नव्हती. त्याला नेऊन शस्त्रक्रिया करून आणायचे ठरले. खाणे फाटकाशी न देता पाण्याच्या पंपाच्या खोलीमागे द्यायचे, मुले खेळून घरी गेल्यावर, आणि भांडी मी उचलायची. नातीचे आजोबा पूर्ण राजी नाहीत. नात मात्र लांबून बिस्कीट फेकते. बिस्कीट कुत्र्याला बरे नव्हे, हे तिला सांगायचे माझ्या जिवावर येते.

१९८९ साली मी बोरिवलीत पूर्वेला घर घेतले. अण्णा तेव्हा थकले होते, पण संध्याकाळी फिरायला निघत ते नेमके जंगलाच्या बाजूने. एकदा मी बरोबर होतो. वाटेत पिवळसर रंगाचे एक कुत्रे पडले होते. अण्णा थांबले आणि अगदी हळू म्हणाले, "मोती." तेवीस वर्षे झाली होती, इतके कोणते कुत्रे जगते? पण त्याने मान वर करून शेपूट हलविले. अर्थात मुंबईत कुठल्याही कुत्र्याला मोती म्हटले तरी ते शेपूट हलवितेच.