तीन हजारांचा हुकूमनामा

६ मे १९५३ रोजी सूर्यास्ताच्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या पुळणीवर एका २० वर्षांच्या मुलाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावच्या डॉक्टरांनी पाय फळ्यांनी बांधला आणि पुण्याला नेण्याचा सल्ला दिला. सुमारे २०० मैलांचा प्रवास टॅक्सीने करून ९ मे रोजी आई मुलाला घेऊन पुण्यात पोहोचली. वडील दौंडला डॉक्टरी करत, तेही आले. दुपारी सव्वादोनला मुलाला एका रुग्णालयात दाखल केले. तासाभराहून थोडा अधिक वेळ तो शस्त्रक्रियागृहात होता. साडेपाचला पाय प्लास्टरमध्ये घालून त्याला खोलीत आणले. मॉर्फियाचा अंमल सातपर्यंत उतरेल, या आश्वासनावर वडील दौंडला परतले. साडेसहाला मुलाला श्वास घेणे जड जात असल्याचे आईच्या लक्षात आले. रात्री नऊला तो गेला. दाखल्यावर कारण लिहिले होते, फॅट एम्बोलिझम. म्हणजे चरबीचे कण रक्तवाहिनीत अडकणे.

आईवडिलांनी दावा लावला. पुरेशी भूल न देता, गरजेपेक्षा जास्त जोर लावून हाड बसवले गेले आणि त्या धक्क्याने मृत्यू आला, हे न्यायालयाने मान्य केले. हुकूमनामा झाला ३,००० रुपयांचा. मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला आणि २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या नावाने हा निकाल आजही उद्धृत होतो. रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही बाबतींत डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे, हा दंडक त्याने घालून दिला. अत्युच्च कौशल्याची अपेक्षा नाही, पण हयगयीला माफीही नाही.

पुढे १९८६चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत आणली. २०१३मध्ये कोलकात्यातील उपचारांनंतर दगावलेल्या अनुराधा साहा यांच्या प्रकरणात भरपाई सुमारे ६ कोटींवर गेली. भरपाईला कमाल मर्यादा घाला, ही मागणी डॉक्टरांच्या संघटनांनी लावून धरली. तिच्यामागची भीती खोटी म्हणता येत नाही. कोर्टाच्या धाकाने डॉक्टर अनावश्यक तपासण्या करतो, गुंतागुंतीचा रुग्ण पुढे ढकलतो. म्हणूनच २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणाची अट घातली.

मर्यादेचा प्रयोग कॅलिफोर्नियाने १९७५मध्येच केला. विम्याचे हप्ते भडकल्यावर तिथे वेदना आणि मनस्तापाच्या भरपाईला २,५०,००० डॉलरची मर्यादा घातली. बुडालेल्या कमाईला मर्यादा नव्हती. त्यामुळे ज्यांची कमाईच नाही, अशी मुले, वृद्ध आणि गृहिणी यांच्या वाट्याला झळ अधिक आली. ही रक्कम २०२३पासून वाढू लागली, तोवर जवळपास अर्धे शतक उलटले होते.

आपल्याकडे मात्र अडचण रकमेच्या आधी सुरू होते. ३,००० रुपयांसाठी कोणतीही मर्यादा आड आली नव्हती, तरी अंतिम निकालाला मृत्यूपासून १५ वर्षे लागली. आणखी एक गोष्ट सहसा नजरेआड राहते. गोडबोले प्रकरणातले वडील डॉक्टर होते. साहा प्रकरण लढवणारे पती कुणाल साहा हेही डॉक्टरच. केसपेपरवर काय लिहिले आहे आणि काय लिहायचे राहिले आहे, हे त्यांना वाचता येत होते. शेतकऱ्याच्या किंवा गिरणी कामगाराच्या मुलाबाबत हे कोणी वाचले असते?

केसपेपरच्या प्रती रुग्णाला किंवा नातेवाइकांना दिल्याच पाहिजेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६मध्ये सांगितले. २००२च्या वैद्यकीय आचारनियमांनी त्यासाठी ७२ तासांची मुदत घातली. सुधारणेची सुरुवात करायची तर इथून करावी. पूर्ण नोंदी हातात असल्या तर निर्दोष डॉक्टर लवकर सुटतो आणि दोषी लवकर सापडतो. भरपाई किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

साडेसहाला श्वासाची धाप आईने स्वतः पाहिली होती. त्याआधी शस्त्रक्रियागृहात काय घडले, हे ठरवायला १९६८ साल उजाडावे लागले.