चिठ्ठीवरचे औषध आणि महाजालावरची माहिती

दवाखान्यातून बाहेर पडताना हातात चिठ्ठी असते. पण तीवरील औषध नेमके कशासाठी आहे, किती दिवस घ्यायचे आणि कशासोबत घ्यायचे नाही, हे विचारायचे अनेकदा राहून जाते. मग घरी आल्यावर औषधाचे नाव महाजालावर शोधले जाते आणि क्षणार्धात शेकडो पाने समोर येतात. त्यांत शासकीय माहिती असते, विक्रेत्याची जाहिरात असते आणि ऐकीव गोष्टीही असतात. यातून विश्वासार्ह तेवढेच वेचण्यासाठी काही कसोट्या उपयोगी पडतात.

आधी मूळ नाव पाहावे

शोध व्यापारी नावाने नव्हे, तर पट्टीवर छापलेल्या मूळ औषधी द्रव्याच्या नावाने घ्यावा. एकाच व्यापारी नावाने दोन देशांत दोन वेगळी औषधे विकली जातात. ‘फ्लोमॅक्स’ हे अमेरिकेत प्रोस्टेट ग्रंथीच्या विकारावरील टॅमसुलोसिनचे नाव आहे, तर इटलीत त्याच नावाने एक दाहशामक औषध मिळत असे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये अशा नामसाधर्म्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. मूळ नावेही काही वेळा देशागणिक बदलतात. आपले पॅरासिटामॉल अमेरिकी संकेतस्थळांवर अ‍ॅसिटामिनोफेन या नावाने, तर दम्यावरील साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल या नावाने सापडते.

नाव जुळले तरी आजार जुळतो का, हे पाहणे तितकेच आवश्यक आहे. मेथोट्रेक्सेट हे औषध कर्करोगावर दिले जाते आणि संधिवातावरही. संधिवातात मात्र ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून ते रोज घेतल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. त्यामुळे मात्रेची माहिती महाजालावरून उचलू नये. ती आपल्या चिठ्ठीवरूनच घ्यावी आणि शंका आल्यास डॉक्टरांना विचारावी.

कोठे पाहावे?

अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचे ‘मेडलाइनप्लस’ हे संकेतस्थळ १९९८ पासून सर्वसामान्यांसाठी सोप्या भाषेत माहिती देते. याच संस्थेच्या ‘डेलीमेड’वर उत्पादकांनी प्रशासनाकडे सादर केलेली माहितीपत्रके आहेत, ती तपशीलवार, पण तांत्रिक भाषेतील आहेत. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेची औषधांविषयीची पानेही सुबोध आहेत.

मात्र प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात. निमेसुलाइड हे वेदनाशामक भारतात सर्रास वापरले गेले. अमेरिकेत त्याला कधीच परवानगी मिळाली नाही. भारतातही बारा वर्षांखालील मुलांसाठी त्याच्या वापरावर २०११ मध्ये बंदी आली. म्हणून भारतातील स्थितीसाठी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचे संकेतस्थळ पाहावे. मंजूर औषधे, बंदी घातलेली मिश्रणे आणि दर्जाच्या तपासणीत नापास झालेल्या औषधांचे बॅच क्रमांक तेथे प्रसिद्ध होतात. किमतीची खातरजमा राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’वर करता येते.

हातातील पट्टीही बरेच काही सांगते. अनुसूची ‘एच’मधील औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीतील औषधांच्या विक्रीची नोंद औषधविक्रेत्याला तीन वर्षे जपून ठेवावी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून निवडक ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोडही सक्तीचा झाला आहे. त्यातून उत्पादक, बॅच क्रमांक आणि मुदत पडताळता येते.

संशय केव्हा घ्यावा?

लेखकाचे वा संस्थेचे नाव नाही, माहिती केव्हा तपासली त्याची तारीख नाही, दुष्परिणामांचा उल्लेख नाही आणि शेवटी ‘येथे खरेदी करा’ असा आग्रह आहे, अशा पानापासून दूर राहावे. मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. आरोग्यविषयक संकेतस्थळांवर एके काळी दिसणारे ‘हॉनकोड’ हे मानचिन्ह देणारी जिनिव्हातील संस्था २०२२ च्या अखेरीस बंद झाली. त्यामुळे जुन्या पानावरील ते चिन्ह आता हमी ठरत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेले तयार उत्तरही मूळ स्रोत उघडून ताडून पाहावे.

यादी वाचून घाबरू नये

दुष्परिणामांची लांबलचक यादी वाचून परस्पर औषध थांबवणे हा मोठा धोका आहे. अपस्माराची औषधे, दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइड्स आणि हृदयविकारातील काही गोळ्या एकाएकी बंद केल्यास प्रकृती गंभीर होऊ शकते. यादीतील शब्दांनाही ठरावीक अर्थ असतो. युरोपातील माहितीपत्रकांत ‘सामान्य’ म्हणजे शंभरात एक ते दहा रुग्णांना होणारा, तर ‘विरळ’ म्हणजे दहा हजारांत एक ते दहा जणांना होणारा त्रास.

प्रत्यक्षात त्रास झालाच, तर आधी डॉक्टरांना कळवावे. त्याची नोंद भारतीय औषधसंहिता आयोगाच्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही करता येते.

महाजालावरील वाचनाचा खरा उपयोग प्रश्न तयार करण्यासाठी आहे. चालू असलेल्या सर्व औषधांची, आयुर्वेदिक काढे व चूर्णांसह, एक यादी करावी, वाचताना पडलेले प्रश्न तिच्याखाली लिहावेत आणि पुढच्या भेटीत तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा.