सर्वांगकंपन व्यायाम (वार्धक्यातील)

सर्वांगकंपन व्यायाम : विजेवर थरथरणाऱ्या फळीवर उभे राहून करावयाचा व्यायाम. फळीचे कंपन तळपायांतून वर चढते. पोटऱ्या व मांड्यांचे स्नायू प्रत्येक धक्क्यासरशी किंचित ताणले जातात आणि प्रतिक्षिप्तपणे आखडतात. कंपनाने स्नायू असा आकुंचित होतो, हे स्वीडनमधील हागबार्थ व एक्लुंड यांनी 1966 मध्ये दाखवले. उतारवयात पायांतली ताकद, तोल आणि सांध्यांची लवचिकता टिकावी म्हणून फिजिओथेरपीत हा व्यायाम वापरतात.

कंपनाने उपचार करण्याची कल्पना बरीच जुनी आहे. रेल्वे किंवा घोडागाडीच्या लांब प्रवासानंतर कंपवाताच्या रुग्णांना बरे वाटते, असे पॅरिसचे मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांच्या ध्यानात आले होते. 1892 मध्ये त्यांनी अशा रुग्णांसाठी हलती खुर्ची करवून घेतल्याचे वर्णन केले. पुढे सोव्हिएत संघात नझारोव यांनी खेळाडूंची ताकद व लवचिकता वाढवण्यासाठी कंपन वापरले. आजची यंत्रे 1990 नंतरच्या दशकातली : जर्मनीच्या ‘गॅलिलिओ’ची फळी सी-सॉसारखी मध्यावर डुलते, ‘पॉवर प्लेट’ची मुख्यतः सरळ वर-खाली होते.

या व्यायामात खरे महत्त्व मात्रेला आहे. सेकंदाला 30 कंपने आणि 2 मिमी. आयाम असेल, तर फळीचे कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे सातपट होते. हाडांसाठी वापरली जाणारी सौम्य यंत्रे मात्र गुरुत्वत्वरणाच्या जेमतेम 0.3 पट त्वरण देतात. दोन्हींची विक्री एकाच नावाने होते, त्यामुळे एका यंत्राचा गुण दुसऱ्याच्या खात्यावर सहज मांडला जातो.

हाँगकाँगमध्ये साठीपुढील 710 स्त्रियांवर झालेल्या चाचणीत (2014) एका गटाने 35 हर्ट्‌झचे सौम्य कंपन रोज 20 मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस असे 18 महिने घेतले. या गटात पडणे किंवा हाड मोडणे 18.6 टक्के जणींच्या वाट्याला आले, कंपन न घेणाऱ्या गटात 28.7 टक्के. मांडीचे स्नायू व हालचालीतली चपळाई सुधारली. हाडांच्या घनतेत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. अमेरिकेत 174 वृद्धांवर दोन वर्षे चाललेल्या चाचणीतही (2015) हाडांची घनता वाढली नाही. तेव्हा ‘हाडे भरून निघतात’ ही जाहिरात बाजूला ठेवावी. लवचिकतेचे ठळक निष्कर्ष तरुण जिम्नॅस्टांवरील प्रयोगांतून आले आहेत. सत्तरीच्या आखडलेल्या गुडघ्यांना ते तसेच लावणे धाडसाचे आहे.

सुरतेत या विषयाला आणखी एक बाजू आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि त्यांतील अनेकांची उमेद यंत्रमागांच्या खात्यांत खर्ची पडली. शटलचे माग चालू असले की खात्याची जमीन थरथरते, आणि पाळी बारा-बारा तासांची. असे दीर्घ कंपन व्यावसायिक आरोग्यशास्त्र अपायकारक मानते; युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशात आठ तासांच्या कामासाठी सर्वांगकंपनाची मर्यादा 1.15 मी. प्रति वर्ग सेकंद आहे. फळीवरचा व्यायाम काही मिनिटांचा असतो, म्हणून दोन्हींना एक मापदंड सरसकट लावता येत नाही. तरीही कंबरदुखी घेऊन निवृत्त झालेल्या मागकऱ्याला तपासणीशिवाय या फळीवर उभे करू नये. नवे सिव्हिल रुग्णालय किंवा महापालिकेचे ‘स्मीमेर’ येथे आधी दाखवावे.

फळीवर गुडघे किंचित वाकवून, दांडा धरून उभे राहतात; गुडघे ताठ ठेवल्यास कंपन डोक्यापर्यंत पोहोचते. पेसमेकर, शिरेत नुकतीच झालेली रक्ताची गुठळी, ताजा अस्थिभंग, नुकतेच बसवलेले कृत्रिम सांधे, अपस्मार, मूत्रपिंडातील वा पित्ताशयातील खडे आणि नेत्रपटलाचे विकार असणाऱ्यांनी हा व्यायाम टाळावा. घरी वावरणाऱ्या वृद्धांच्या पडण्यावर व्यायामाचा परिणाम तपासणाऱ्या 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात पडण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटलेले आढळले. त्यात भर होता तो तोल सावरण्याच्या आणि खुर्चीतून उठणे, पायरी चढणे अशा रोजच्या हालचालींच्या सरावावर. फळी घेण्याआधी तो सराव सुरू करावा.