माळढोकला झाडं नकोत, गवत हवं

उत्तर सोलापूर तालुक्यातलं नान्नज राज्यभर ओळखलं जातं ते माळढोकमुळे. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत भरतं. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार पक्षी मोजकेच. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. ते कुत्र्याने खाल्लं किंवा जनावराच्या पायाखाली गेलं, की त्या विणीची आशा संपते.

1970च्या दशकात निसर्ग अभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोककडे सर्वांचं लक्ष वेधलं. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून काही माळ चराईपासून राखले गेले. गवत वाढलं, नाकतोडे वाढले आणि माळढोक तिथे वीण करू लागला. 1979 साली अभयारण्य झालं. क्षेत्र होतं तब्बल 8,496 चौरस किलोमीटर. त्यात खासगी शेतं आणि गावंही आली, जमिनीचे व्यवहार अडले, लोकांत नाराजी वाढली. पुढे हे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं.

दरम्यान, माळ हिरवा करायचा म्हणून गवताच्या जागी गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली. हेतू चांगला, पण जागा चुकली. माळढोकला लांबवर नजर जाईल असं मोकळं रान लागतं. दाट झाडी झाली की तो ती जागा सोडतो.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कर्टलँड वार्बलर या छोट्या गाणाऱ्या पक्ष्याची गोष्ट याच्या उलट आहे. त्याला घरट्यासाठी जॅक पाइनची कोवळी झाडंच लागतात. 1987 साली त्याचे गाणारे नर अवघे 167 मोजले गेले. मग जुनी झाडं टप्प्याटप्प्याने तोडून नवी लावली गेली. त्याच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या काउबर्ड पक्ष्यांनाही आवर घातला. 2019 साली त्याचं नाव तिथल्या संकटग्रस्त यादीतून निघालं.

तिथे झाडं लावणं हा उपाय ठरला, इथे गवत राखणं हाच उपाय आहे. त्यासाठी विणीच्या काळात, म्हणजे मुख्यतः पावसाळ्यात, राखीव गवतात चराई थांबवणं, मोकाट कुत्री आवरणं आणि उडत्या पक्ष्यांचा जीव घेणाऱ्या वीजतारांचा बंदोबस्त करणं गरजेचं आहे. एरवी गवत कापून न्यायला मिळालं तर मेंढपाळ आणि शेतकरीही सोबत येतील.

2019 पासून राजस्थानात जैसलमेरजवळ माळढोकची पिलं माणसाच्या देखरेखीखाली वाढवली जात आहेत. उद्या नान्नजला पक्षी सोडायची वेळ आली, तर आधी माळ शिल्लक हवा.