अंकपाश

भास्कराचार्यांनी आपला 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास पुरा केला. त्याचा पहिला खंड म्हणजे 'लीलावती'. तिच्यातील कमळे, भुंगे, हंस आणि तुटलेले मोत्यांचे हार सर्वांच्या परिचयाचे आहेत. लीलावती ही आचार्यांची कन्या आणि पाण्याच्या घटिकापात्रात मोती पडल्याने तिचा विवाहमुहूर्त टळला, ही कथाही घरोघर सांगितली जाते. ती कथा अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात आढळते. मूळ ग्रंथात तिचा मागमूस नाही. परंतु ग्रंथाच्या अगदी शेवटी जे प्रकरण आहे, त्याच्याकडे कथेत रमलेल्या वाचकाचे लक्ष सहसा जात नाही. त्या प्रकरणाचे नाव 'अंकपाश', म्हणजे अंकांचे जाळे.

या जाळ्यातील पहिला प्रश्न वरवर अगदी साधा दिसतो. दोन आणि आठ हे दोन अंक घेतले तर किती निरनिराळ्या संख्या होतील? तीन, नऊ आणि आठ घेतले तर किती? आणि दोनपासून नऊपर्यंतचे आठही अंक एकेकदा योजले तर किती? आचार्य एवढ्यावर थांबत नाहीत. अशा सर्व संख्यांची बेरीजही ते विचारतात, आणि तीही झटपट. पहिल्याचे उत्तर मुलेही देतील: २८ आणि ८२, बेरीज ११०. दुसऱ्यात सहा संख्या होतात व त्यांची बेरीज ४,४४० येते. तिसऱ्यात मात्र ४०,३२० संख्या होतात. त्या एकाखाली एक मांडून बेरीज करू पाहणाऱ्याचे आयुष्य पाटीवरच संपावयाचे! आचार्यांची युक्ती निराळी आहे. प्रत्येक अंक प्रत्येक स्थानी सारख्याच वेळा येणार, हे ध्यानात घेऊन संख्यांच्या भेदांना अंकांच्या बेरजेने, म्हणजे ४४ ने, गुणावे आणि अंकांच्या संख्येने, म्हणजे ८ ने, भागावे. येणारे २,२१,७६० हे फळ एकेक स्थान सरकवीत आठ वेळा मांडून बेरीज घेतली की उत्तर हाती येते: २४,६३,९९,९९,७५,३६०.

पुढे दहा हातांच्या शंकराची आयुधे आणि विष्णूची गदा, चक्र, कमळ व शंख यांची अदलाबदल करून मूर्तीचे किती प्रकार होतील, असेही विचारले आहे. शंकराचे ३६,२८,८०० आणि विष्णूचे २४. याच प्रकरणात आणखी एक प्रश्न आहे. शून्य वगळून लिहिलेल्या पाच अंकी संख्येच्या अंकांची बेरीज तेरा असेल, तर अशा संख्या किती? उत्तर ४९५. ही संख्या वाचकाने ध्यानात ठेवावी. तिची पुन्हा गाठ पडणार आहे. प्रकरण संपवताना आचार्य मिस्कीलपणे बजावतात की, येथे गुणक विचारला नाही, भाजक विचारला नाही, वर्ग नाही की घन नाही. तरीही गर्विष्ठ गणकबटूंचे या पाशात पतन ठरलेलेच! अंकांचे कोडे म्हणजे पोरखेळ, असे मानणारे लोक त्या काळीही असले पाहिजेत. एरवी हा टोला कोणासाठी होता?

या विद्येचा उगम आणखी मागे आहे. ख्रिस्तपूर्व काळातील मानल्या जाणाऱ्या पिंगलांच्या छंदःशास्त्रात लघु आणि गुरू या दोनच चिन्हांनी वृत्तांचा प्रस्तार मांडला आहे. तीन अक्षरांच्या चरणाचे आठ प्रकार होतात. त्यांतला सहावा प्रकार कोणता, हे संपूर्ण प्रस्तार न मांडता सांगावयाचे असेल, तर त्यास 'नष्ट' म्हणतात. क्रमांक सम असल्यास लघु लिहून निम्मा करावा. विषम असल्यास एक मिळवून निम्मा करावा व गुरू लिहावा. सहा सम, म्हणून लघु; उरले तीन, विषम, म्हणून गुरू; उरले दोन, पुन्हा लघु. सहावा प्रकार लघु-गुरू-लघु. दोनच चिन्हांत कोणतीही संख्या उतरवण्याची ही रीत, जिला आज द्विमान पद्धती म्हणतात, भारतात गणकयंत्रासाठी नव्हे, तर कवितेसाठी सिद्ध झाली.

महाराष्ट्रातील धान्यबाजारातही तीच रीत नांदत होती, पण तिला शास्त्र म्हणण्याचे कोणाच्या मनात आले नाही. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. चिपटे, मापटे आणि शेर ही एकेकच मापे जवळ असली आणि प्रत्येक फार तर एकदा भरावयाचे ठरवले, तरी एकपासून सात चिपट्यांपर्यंतचे प्रत्येक माप भरता येते, आणि प्रत्येक माप एकाच प्रकारे भरता येते. मापांच्या या लहानशा संचाचे जितके उपसंच, तितक्या संख्या. रिकामा संच धरला तर आठ. मनात धरलेली संख्या कोणकोणत्या तक्त्यांत आहे एवढेच विचारून ती ओळखण्याचा खेळ याच तत्त्वावर चालतो. तक्ते पाच असतात. त्यांच्या आरंभी १, २, ४, ८ आणि १६ या संख्या असतात. 'आहे' असे ज्या तक्त्यांविषयी सांगितले, त्यांच्या पहिल्या संख्यांची बेरीज केली की मनातली संख्या उघडी पडते. पंतोजींच्या शाळेतली पावकी, निमकी, पाऊणकी आणि औटकीदेखील, रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे अशा दहाला न जुमानणाऱ्या व्यवहाराची गरज होती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि ते पाठांतर हळूहळू मावळले.

अंकांच्या कोड्यांवर सर्वांत कठोर आघात मात्र केंब्रिजहून झाला. रामानुजनांची थोरवी जगापुढे आणणारे गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये 'ए मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' हे पुस्तक लिहिले. चार अंकी संख्यांपैकी ८७१२ आणि ९८०१ या दोनच संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत (२१७८ ची चौपट ८७१२, १०८९ ची नऊपट ९८०१), हे उदाहरण घेऊन त्यांनी असा निर्वाळा दिला की, वृत्तपत्रातील कोड्यांच्या सदराला हे शोभेल, पण गणितज्ञाला आकर्षक वाटेल असे यात काही नाही. आक्षेपाचे मर्म खोल होते. असे गुण संख्येचे नसून तिच्या लिहिण्याचे असतात. माणसाला बोटे दहा म्हणून आपण दहाच्या पायावर लिहितो, आणि बोटे आठ असती तर हे चमत्कार नाहीसे झाले असते, असे म्हणण्यास जागा होती.

जवळजवळ त्याच सुमारास नाशिकजवळच्या देवळालीत एक शाळामास्तर नेमका हाच 'पोरखेळ' जन्मभराचे कार्य म्हणून करीत होते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शिक्षण ठाण्यास व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. पदव्युत्तर शिक्षण मात्र नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिकवीत राहिले. आपले शोध ते लहान लहान पुस्तिकांतून स्वतःच छापीत. गणिती परिषदांना ते हजेरी लावीत. तेथील अनेक विद्वानांना त्यांचे काम क्षुल्लक वाटे.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४९ चा. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, सगळे अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तरावर हेच करीत राहावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि मग हलत नाही. कापरेकरांचे जन्मवर्षच घेतले, तर ९५१० मधून ०१५९ वजा जाता ९३५१ उरतात. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीस ६१७४. अमेरिकेतील 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात याविषयीचा त्यांचा लेख १९५५ मध्ये आला. त्यांनी संख्यांची बारशीही केली. अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो ती 'हर्षद'. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून नवी संख्या जन्मते, जसे २३ पासून २८; अशी जननी जिला सापडत नाही ती 'स्वयंभू', जसे २०, ३१, ४२, ५३. योगायोगाची मौज अशी की, हार्डींना जी नीरस वाटली आणि रामानुजनांनी दोन घनांच्या बेरजेने जिचा उद्धार केला, ती १७२९ हर्षद आहे: तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ × ९१ = १७२९.

आता हार्डींचा आक्षेप कसोटीस लावून पाहावा. अष्टमानात सातानंतर १० लिहितात. तेथे १०६७ ला ७ ने गुणावे. सात साती एकोणपन्नास, अष्टमानात ६१, १ मांडून हातचे ६. सात सक बेचाळीस आणि सहा, अठ्ठेचाळीस, अष्टमानात ६०, ० मांडून हातचे ६. शून्याच्या स्थानी तेच ६ उतरतात, आणि शेवटी ७. उत्तर ७६०१, म्हणजे १०६७ चे उलटे रूप! ९८०१ हा ९९ चा वर्ग आहे, आणि ९९ म्हणजे पायाच्या वर्गात एक उणे. अष्टमानात ९९ ची जागा ७७ घेते आणि तिचा वर्ग ७६०१ येतो. ८७१२ चीही तीच गत: अष्टमानात २१५६ ची तिप्पट ६५१२. बोटे बदलली, तरी चमत्कार गेला नाही. त्याने फक्त वेष पालटला. हार्डी हे फार मोठे गणिती होते, परंतु या एका ठिकाणी त्यांनी कोडे सोडवून न पाहताच ते टाकून दिले, असे म्हणावे लागते.

कापरेकरांच्या वजाबाकीची कसोटी अधिक बोधप्रद आहे, कारण तेथे पाया बदलताच उत्तराची जातही बदलते. दशमानात तीन अंकी संख्या घेऊन तीच क्रिया केली, तर शेवट ४९५ वर होतो. अष्टमानात ३७४ वर. पाया सम असेल, तर नेहमी एकच संख्या अढळ राहते. पाया विषम असला, की अढळपद नाहीसे होते: पंचमानात २४२ आणि १४३ या दोन संख्या एकमेकींकडे अखंड येरझारा घालीत राहतात. स्वयंभू संख्यांचेही असेच. विषम पायात संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज या दोन्ही सम असतात किंवा दोन्ही विषम, त्यामुळे त्यांची बेरीज समच येते. म्हणून तेथे प्रत्येक विषम संख्या आपोआप स्वयंभू ठरते. दशमानात मात्र त्यांचा असा सरळ हिशेब लागत नाही.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटलेल्या या मास्तरांचे नाव जगभर झाले. ते सदर, हार्डींच्या भाषेत बोलावयाचे तर, कोड्यांचेच होते. १९८६ मध्ये देवळालीस कापरेकर वारले.

राहता राहिली ती ४९५ ही संख्या. 'लीलावती'च्या अंकपाशात ती बारा वस्तूंतून चार निवडण्याच्या प्रकारांची मोजदाद म्हणून येते, आणि देवळालीच्या वजाबाकीत ती मधले स्थान नवाला देऊन, कडेला चार आणि पाच घेऊन अढळ बसते. या दोन्हींचा परस्परांशी काही संबंध नाही. गणकबटूंनी तो शोधण्याच्या नादी लागू नये, आणि लागलेच, तर तो अष्टमानात करून पाहावा.