पर्जन्यमापक जाळे, मुंबईचे
आपत्कालीन मदतकार्यासाठी शहरातील पावसाची तात्काळ माहिती पुरविणारी स्वयंचलित व्यवस्था. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी., तर कुलाब्यास सु. ७४ मिमी. पाऊस पडला, शेकडो माणसे दगावली. या दोन वेधशाळांच्या नोंदींवरून मधल्या वस्त्यांची स्थिती कळणे शक्य नव्हते. म्हणून २००६ मध्ये महानगरपालिकेने ३५ केंद्रे उभारली. संकटस्थळी अग्निशमन दल प्रथम पोहोचत असल्याने बहुतेक उपकरणे त्याच्याच ठाण्यांच्या गच्च्यांवर बसविण्यात आली. दलाचे मुख्यालय असलेल्या भायखळ्यासही असे केंद्र आहे. दर १५ मिनिटांची नोंद महापालिका मुख्यालयातील नियंत्रण कक्षाकडे जाते. हे जाळे पावसाचे भाकीत करीत नाही. मात्र सखल भागांतील रहिवाशांना वेळीच हलविण्यास अवधी मिळवून देते.